भर उन्हात ई-सायकलचा डिस्प्ले का दिसत नाही, आणि काय केलं की दिसतो

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ई-सायकलचा रंगीत डिस्प्ले झकास दिसतो. वेगाचा मोठा आकडा, बॅटरीचं हिरवं चिन्ह, असिस्टची, म्हणजे मोटरच्या मदतीची, निळी पट्टी, सगळं ठसठशीत. तीच सायकल सकाळी दहाला रस्त्यावर आली की काचेत उरतो तो आपलाच शर्ट. मग दुकानात चक्कर होते. मेकॅनिक ब्राइटनेस पूर्ण वर नेतो, ‘आता बघा’ म्हणतो, आणि दुकानाच्या सावलीत तो अर्थातच छान दिसतो. बाहेर आलं की पुन्हा तेच.

उन्हात डिस्प्ले मंद पडत नाही. दुकानात त्याचा उजेड जेवढा होता तेवढाच रस्त्यावरही असतो. फक्त बाहेरचा उजेड त्याच्यावर येऊन बसतो, आणि तो दोन वाटांनी येतो. पहिली वाट आरशाची: समोरच्या उजळ गोष्टीचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि आकडे त्याखाली दबतात. दुसरी विखुरण्याची: थेट ऊन काचेवर पडतं आणि धूळ, बोटांचे ठसे, बारीक ओरखडे यांच्यामुळे सगळ्या काचेवर पांढुरकी झाक चढते. दोन्ही तक्रारी ऐकायला सारख्याच, ‘काही दिसत नाही’. उपाय मात्र वेगळे, आणि बऱ्याच वेळा एकावरच्या उपायाने दुसरी तक्रार वाढते. म्हणून पैसे खर्च करण्याआधी आपल्याकडे कोणता त्रास आहे ते बघून घ्यावं.

पाच मिनिटांची तपासणी

सायकल उन्हात स्टँडवर घट्ट उभी करा. डिस्प्ले बंद ठेवा. सीटवर बसा, हँडल नेहमीसारखं धरा आणि बंद डिस्प्लेच्या काळ्या काचेत बघा. तिथे जे दिसतं, चालवताना नेमकं त्याच्याआडून तुम्हाला आकडे वाचायचे असतात. पांढरा शर्ट दिसतो? आकाश दिसतं? हेल्मेट दिसतं? की ठळक असं काहीच दिसत नाही, नुसती धुरकट राखाडी झाक आहे?

आता डिस्प्ले चालू करा आणि ऊन ज्या बाजूने येतंय तिकडून तळहात आडवा धरून काचेवर सावली पाडा. आकडे एकदम उघडले तर त्रास थेट उन्हाचा आहे. फारसा फरक पडला नाही, तर छातीसमोर एखादं काळं कापड किंवा गडद पिशवी धरून बघा. त्याने आकडे उघडले तर त्रास प्रतिबिंबाचा. दोन्हींनी थोडं थोडं सुधारलं तर दोन्ही आहेत, आणि बहुतेक सायकलींवर तसंच निघतं. ही तपासणी तोंड उन्हाकडे करून एकदा आणि पाठ उन्हाकडे करून एकदा करा. दोन्ही वेळचं उत्तर एकच येईल असं नाही.

उजेडाचा हिशेब

स्क्रीनचा उजेड निटमध्ये मोजतात. ई-सायकलवर येणारे रंगीत डिस्प्ले साधारण ४०० ते १,००० निटच्या घरात असतात. हिशेबाला ५०० धरू. आता समोरची बाजू. एखाद्या जागेवर पडणारा प्रकाश लक्समध्ये मोजतात. भर उन्हाचा प्रकाश जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स पडतो. ऑफिसात तो ३०० ते ५०० लक्स असतो. उन्हात असलेला पांढरा शर्ट आलेल्या प्रकाशापैकी ८० टक्के परत फेकतो असं धरलं, तर तो स्वतःच सुमारे २५,००० निटचा दिवा झाला. म्हणजे आपल्या स्क्रीनच्या पन्नासपट.

काचेचा किंवा पारदर्शक प्लास्टिकचा हवेला लागलेला प्रत्येक पृष्ठभाग समोरून आलेल्या प्रकाशातला साधारण ४ टक्के परत पाठवतो. हे ४ टक्के स्वच्छ, नव्या काचेचे आहेत. महाग काच घेतली म्हणून ते कमी होत नाहीत. त्यासाठी काचेवर खास लेप द्यावा लागतो. २५,००० चे ४ टक्के म्हणजे १,००० निट. स्क्रीनवरचा पांढरा आकडा ५००, त्यावर बसलेलं शर्टाचं प्रतिबिंब १,०००. आकडा असलेल्या जागी १,५०० आणि काळ्या पार्श्वभूमीवर १,०००, म्हणजे दोघांतला फरक दीडपट. अंक पटकन उठून दिसायला हा फरक ढोबळमानाने तिप्पट तरी लागतो.

आता ब्राइटनेस दुप्पट करून १,००० निट केली, तर २,००० विरुद्ध १,०००, म्हणजे दुप्पट फरक. सुधारणा झाली, पण काम भागलं नाही. त्याऐवजी स्क्रीन ५०० वरच ठेवून शर्ट बदलला तर? काळा सुती शर्ट ५ टक्के प्रकाश फेकतो असं धरलं, तर तो १,६०० निटचा. त्याचे ४ टक्के ६४. ५६४ विरुद्ध ६४, म्हणजे जवळजवळ नऊपट फरक. दुप्पट उजेडाच्या महाग डिस्प्लेने जे जमलं नाही ते कपाटातल्या शर्टाने केलं. स्वच्छ निळं आकाश या दोघांच्या मधे येतं. सूर्यापासून लांबचा भाग ५,००० निटच्या आसपास धरला तर प्रतिबिंब २०० निटचं आणि फरक साडेतीनपट. मात्र पावसाळ्यात उघडीप पडल्यावर जे पांढरेशुभ्र ढग राहतात ते शर्टाइतकेच उजळ असू शकतात. जुलै-ऑगस्टमध्ये ‘ऊन नाही तरी दिसत नाही’ ही तक्रार येते ती त्यामुळेच.

स्वस्त डिस्प्लेत आणखी एक भानगड असते. वरचं संरक्षक प्लास्टिक आणि आतला एलसीडी यांच्यात हवेची फट असते. मग परत फेकणारे पृष्ठभाग तीन होतात: प्लास्टिकची वरची बाजू, खालची बाजू आणि एलसीडीची वरची बाजू. चाराचे बारा टक्के झाले. पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब ३,००० निटवर गेलं, आणि तिथे ५०० निटचा आकडा शोधावाच लागतो. चांगल्या डिस्प्लेत ही फट पारदर्शक गोंदाने भरून टाकतात. माहितीपत्रकात त्याला ऑप्टिकल बाँडिंग म्हटलेलं असतं. नवा डिस्प्ले घेताना निटच्या आकड्याआधी हे विचारा. ओळखायची सोपी खूण: बंद डिस्प्लेत दिव्याचं प्रतिबिंब तिरकं बघा. एकमेकांपासून सुटी अशी दोन-तीन प्रतिबिंबं दिसली तर आत फट आहे.

रंगांचंही याच हिशेबात बघून घेऊ. नेहमीच्या स्क्रीनवर पांढऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा अवघा ७ टक्के असतो. ५०० निटच्या स्क्रीनवर शुद्ध निळा रंग म्हणजे जेमतेम ३५ निट. असिस्टची निळी पट्टी सगळ्यात आधी गायब होते ती यामुळे. बॅटरी संपत आल्याचा लाल इशाराही शंभर निटच्या आसपासच राहतो. नेमका जो दिसायला हवा तोच उन्हात बुडतो. ही डिझाइन करणाऱ्यांची चूक आहे. आपल्या हातात एवढंच की रंगावर न जाता आकडा दिसणारं पान निवडायचं. टक्केवारी किंवा व्होल्टेज मोठ्या पांढऱ्या अंकांत दाखवणारं पान असेल तर दिवसा तेच लावा. डे आणि नाइट थीम असेल तर डे थीम, म्हणजे पांढऱ्यावर काळे अंक. काळी पार्श्वभूमी बघायला छान, पण काळ्या काचेत प्रतिबिंब जास्त टोचतं.

कोन: सगळ्यात स्वस्त उपाय

बहुतेक सायकलींवर डिस्प्ले जवळपास आडवा बसवलेला असतो. जोडणाऱ्याने क्लॅम्प आवळला तेव्हा जो कोन आला तो आला. सरळ बसून चालवायच्या सायकलवर डोळ्यापासून डिस्प्लेपर्यंतची रेषा क्षितिजाच्या खाली साधारण ५५ अंशांनी जाते. या बसणीत डिस्प्ले आडव्यापासून तुमच्याकडे १५ अंशच कललेला असेल तर काचेत दिसतं ते जवळपास थेट डोक्यावरचं आकाश. मे महिन्याच्या मध्याला पुण्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा साडेसतरा अंश कललेली काच चक्क सूर्यच डोळ्यात टाकते. ‘दुपारी डिस्प्लेकडे बघवत नाही’ असं कोणी म्हटलं तर आधी हा कोन तपासावा.

डिस्प्ले जितका कलवाल त्याच्या दुप्पट प्रतिबिंब सरकतं. ५ अंश फिरवलं की काचेतलं चित्र १० अंश सरकलं. त्यामुळे थोडक्या फिरवण्यानेही मोठा फरक पडतो. वरच्या बसणीत ३५ अंशाला स्वतःचा चेहरा आणि हेल्मेट दिसतं, ४० ते ४५ ला छाती-पोट. गडद कपडे घालत असाल तर ४० च्या आसपास ठेवा. चमकदार पिवळं-हिरवं जॅकेट घालून चालवत असाल तर ते डिस्प्लेसाठी काढू नका, गाडीवाल्यांना तुम्ही दिसणं जास्त गरजेचं आहे. अशा वेळी डिस्प्ले २५ ते ३० अंशांवर आणा, म्हणजे जॅकेटऐवजी हेल्मेटच्या वरचं निळं आकाश काचेत येईल. कोन मोजायला फोनमधलं पातळी दाखवणारं ॲप पुरतं. फोन डिस्प्लेच्या काचेवर हलकेच टेकवा. खाली वाकून चालवायच्या सायकलवर आकडे बदलतील. तिथे काचेत काय दिसतंय यावरूनच ठरवा.

फिरवायची पद्धत: बॅटरीचं बटण बंद करा. क्लॅम्पचे स्क्रू पाहा, साधारणपणे २.५ किंवा ३ मिलिमीटरची ॲलन की लागते. दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल करा, पूर्ण काढू नका. आतली रबरी पट्टी घसरून पडते आणि मग डिस्प्ले हँडलवर धरत नाही. कोन लावून स्क्रू आळीपाळीने आवळा. इथे ताकद लावायची नाही. बहुतेक कंपन्या १ न्यूटन-मीटरच्या आसपासचा जोर सांगतात, म्हणजे ॲलन कीची आखूड बाजू दोन बोटांत धरून जेवढं आवळलं जाईल तेवढंच. प्लास्टिकचा क्लॅम्प स्क्रूच्या भोकापाशी तडकतो. तडा त्या दिवशी दिसत नाही, पुढच्या खड्ड्यात दिसतो. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल ताणली जात नाही ना ते पाहा.

राखाडी एकरंगी डिस्प्लेत आणखी एक खोच आहे. हे डिस्प्ले ठरावीक दिशेनेच नीट दिसतात, आणि ती दिशा सहसा खालच्या कडेकडची, म्हणजे चालवणाऱ्याच्या बाजूची असते. कोन फार उभा केला तर आकडे फिके पडतात. तसं झालं की पाच अंश मागे या.

छज्जा कधी चालतो, कधी नाही

बाजारात डिस्प्लेवर बसणारे रबरी छज्जे मिळतात, आणि घरीही ३ मिलिमीटरच्या काळ्या फोम शीटचा दहा मिनिटांत होतो. आतल्या बाजूला काळं मखमली कापड चिकटवलं तर आणखी बरं, कारण फोमही थोडा चमकतो. पण छज्जा फक्त थेट उन्हाचा इलाज आहे. शर्टाच्या प्रतिबिंबावर त्याचा काही उपयोग नाही.

थेट उन्हातही तो कधी चालतो हे सूर्याच्या जागेवर ठरतं. समजा काच ६० मिलिमीटर उंच आहे आणि ३५ अंश कललेली आहे. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर, दक्षिणेला असतो. तुम्ही दक्षिणेकडे चालला असाल तर ऊन समोरून, काचेला घासत येतं, आणि १५ मिलिमीटरचा छज्जा सगळी काच झाकतो. उत्तरेकडे चालला असाल तर ऊन पाठीमागून जवळजवळ तुमच्या नजरेच्याच रेषेत येतं. तिथे तुमच्या डोक्या-खांद्यांचीच सावली काचेवर पडते. मे महिन्यात मात्र ऊन सरळ वरून. तेवढीच काच झाकायला छज्जा ८५ मिलिमीटर खोल हवा, म्हणजे काचेच्या उंचीपेक्षाही जास्त. एवढं मोठं झाकण हँडलवर बसवायचं नाही. ते हलतं आणि नजरेच्या आड येतं. २५ ते ३० मिलिमीटरपर्यंत ठेवा आणि मे महिन्याची दुपार त्याच्या हिशेबातून सोडून द्या.

सगळ्यात वाईट वेळ भर दुपारची नसते. सूर्य पाठीमागे, थोडा बाजूला आणि मध्यम उंचीवर असतो तेव्हा ऊन खांद्यावरून नेमकं काचेवर उतरतं. सकाळी नऊ-दहाला पश्चिमेकडे जाताना, किंवा दुपारी तीन-चारला पूर्वेकडे जाताना हे होतं. वरून झाकणारा छज्जा तिथे निकामी. उपाय एकच, काच स्वच्छ ठेवणं.

काचेवर काय काय बसलेलं असतं

धूळ आणि ओरखडे मिळून काचेने आलेल्या उन्हातलं फक्त १ टक्का सगळीकडे विखुरलं, तरी ३०० निटपेक्षा जास्त पांढरी झाक तयार होते. मळकट काच याच्या कितीतरी पुढे जाते.

आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे नव्या डिस्प्लेवरची ती पातळ प्लास्टिक फिल्म. वाहतुकीत ओरखडे पडू नयेत म्हणून कारखान्यातून लावलेली असते, आणि ती वर्षानुवर्षं तशीच ठेवली जाते. कडा उचकटलेल्या, आत हवेचे फुगे, वर घामाचे डाग. काढा ती. फुगा असलेल्या प्रत्येक जागी हवेला लागलेले दोन पृष्ठभाग वाढतात, म्हणजे परत ८ टक्के. पावसाळ्यात डिस्प्लेवर बांधलेली पारदर्शक पिशवीही तोच हिशेब लागू करते. पाऊस थांबला की ती सोडा. पिशवीत दमट हवा कोंडून राहते ते वेगळंच.

टेम्पर्ड ग्लास लावायची असेल तर पूर्ण पृष्ठभागाला गोंद असलेलीच घ्या. फक्त कडांना चिकटणारी काच मधे फट सोडते. मॅट फिल्मबद्दल दुकानदार जोरात सांगतात, पण ती फक्त आरशाचा त्रास कमी करते. शर्टाची स्पष्ट आकृती जाऊन धूसर डाग राहतो. थेट ऊन पडलं की तीच फिल्म सगळी काच दुधाळ करते. वरच्या तपासणीत तळहाताच्या सावलीने आकडे उघडले असतील, तर मॅट फिल्म घेऊ नका.

पुसताना आधी पाण्याने धूळ मऊ करून वाहू द्या, मग भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकलेलं पाणी आणि मायक्रोफायबरचं ओलं फडकं. कोरडं फडकं धुळीवर फिरवलं की तीच धूळ सँडपेपर होते. प्रेशरचं पाणी डिस्प्लेवर मारू नका. पेट्रोल, थिनर, स्पिरिट, अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर यातलं काही लावू नका. वरचं आवरण काच नसून बहुतेक वेळा पॉलीकार्बोनेट किंवा ॲक्रिलिक असतं, आणि अशा द्रवांनी त्यात केसासारख्या बारीक भेगा पडतात. त्या पुसून जात नाहीत. टूथपेस्टने ओरखडे घालवायचा घरगुती उपाय अर्धवट खरा आहे. एक मोठा ओरखडा पुसट होतो आणि त्याभोवती शेकडो बारीक पडतात. उन्हात तेच जास्त चमकतात. त्यापेक्षा प्लास्टिकसाठीचं पॉलिश वापरा, तेही लेप नसलेल्या आवरणावरच.

सेटिंगमध्ये नेमकं काय बदलायचं

डिस्प्लेच्या ब्राइटनेसमुळे बॅटरी लवकर संपते ही भीती काढून टाका. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाच्या बॅटरीत ३६० वॅट-तास असतात. बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा दिवा, १ वॅट खात असेल तर दोन तासांत २ वॅट-तास गेले, म्हणजे एक टक्क्याहून कमी. मोटर तेवढी वीज चढावर अर्ध्या मिनिटात खाते.

बऱ्याच डिस्प्लेत + आणि − ही बटणं एकत्र दोन-तीन सेकंद दाबली की सेटिंग उघडतं; काहींत मधलं बटण दोनदा पटकन दाबावं लागतं. रंगीत डिस्प्लेत ‘ब्राइटनेस’ असं लिहिलेलंच असतं. अनेक चिनी एकरंगी डिस्प्लेत मात्र नुसते पी०१, पी०२ असे क्रमांक येतात. त्यात पी०१ बॅकलाइटचा: १ मंद, ३ सर्वांत उजळ. तो ३ करा आणि बाहेर पडा. पुढच्या क्रमांकांना हात लावू नका. तिथे बॅटरीचं व्होल्टेज, चाकाचा आकार, वेगाच्या चुंबकांची संख्या, वेगमर्यादा असं सगळं असतं. व्होल्टेज चुकलं की बॅटरीचं चिन्ह खोटं बोलायला लागतं, चाकाचा आकार चुकला की वेग. सेटिंग उघडल्यावर आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

एक सापळा इथे हमखास असतो. बऱ्याच रंगीत डिस्प्लेत हेडलाइट चालू केला की स्क्रीन आपोआप मंद होते. रात्र झाली असं त्याला वाटतं. सुरक्षेसाठी दिवसाही हेडलाइट लावून चालवणाऱ्यांची स्क्रीन त्यामुळे उन्हात आणखी बुडते. दिवा बंद करून फरक बघा. तोच असेल तर मेनूत रात्रीची ब्राइटनेस वेगळी लावता येते का ते शोधा. येत नसेल तर पुढचा दिवा वेगळा, स्वतःच्या बॅटरीचा लावणं हा सरळ मार्ग. काही डिस्प्लेत उजेड ओळखणारा सेन्सर असतो, काचेच्या कडेला छोटा गडद ठिपका. त्यावर स्टिकर, छज्जा किंवा फिल्मची कड आली की तो अंधार समजतो आणि स्क्रीन मंद करतो.

डिस्प्ले कोणत्या जातीचा आहे

अंधाऱ्या खोलीत बॅकलाइट बंद करून टॉर्चचा उजेड टाका. आकडे वाचता आले तर तो प्रकाश परतवणारा एलसीडी आहे; राखाडी एकरंगी डिस्प्ले सहसा याच जातीचे. त्याच्या पाठीशी प्रकाश परतवणारा थर असतो आणि तो बाहेरच्याच उजेडावर चालतो, म्हणून ऊन जितकं जास्त तितका तो स्वच्छ. त्यात बॅकलाइट वाढवणं म्हणजे दिवसा देवघरातली समई अंगणात नेण्यासारखं आहे. टॉर्च टाकूनही काच काळीच राहिली तर तो टीएफटी, फक्त स्वतःच्या दिव्यावर चालणारा. वरचा सगळा हिशेब मुख्यतः त्याचाच. तिसरा प्रकार काळ्यावर पांढरे अंक दाखवणाऱ्या एकरंगी डिस्प्लेचा. दिसायला आधुनिक, पण त्यालाही बॅकलाइटच लागतो आणि उन्हात तो टीएफटीइतकाच अडतो. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांच्या कॉम्प्युटरवर, जसं गार्मिनच्या एज ५३० वर, बाहेरच्या आणि स्वतःच्या, दोन्ही उजेडांवर चालणारी रंगीत स्क्रीन असते. रंग फिके, पण उन्हात वाचता येतात.

रोज दहा ते चार रस्त्यावर असणाऱ्याने, डिलिव्हरीचं काम करणाऱ्याने तर नक्कीच, राखाडी एकरंगी डिस्प्ले घ्यावा. तो स्वस्त असतो म्हणून दुकानात त्याला कमी लेखतात, एवढंच.

बदलताना एक मात्र सांभाळा. पाच पिनचा गोल कनेक्टर बसला म्हणजे डिस्प्ले चालला असं नाही. मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरशी बोलण्याची पद्धत कंपनीगणिक वेगळी असते. मोटर बनवणाऱ्या बाफांग या एकाच कंपनीच्या जुन्या यूएआरटी आणि नव्या कॅन या संदेशप्रणालींचे डिस्प्ले एकमेकांना चालत नाहीत. जुन्या डिस्प्लेच्या मागचा मॉडेल क्रमांक आणि बॅटरीचं व्होल्टेज बघूनच नवा मागवा. काढताना बॅटरी सायकलवरून उतरवा. कनेक्टर पिळू नका, सरळ ओढा, आणि जोडताना दोन्ही भागांवरचे बाण समोरासमोर आणा. पिन वाकली की अख्खी केबल बदलावी लागते.

गॉगल आणि उष्णता

डिस्प्ले एकाएकी काळा दिसला तर आधी गॉगल काढून बघा. पोलराइज्ड गॉगल ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाशच आत सोडतो, आणि एलसीडीतून बाहेर येणारा प्रकाशही तसाच एका दिशेचा असतो. दोन्ही दिशा आडव्या-उभ्या आल्या की स्क्रीन पूर्ण काळी, ४५ अंशांचा फरक असेल तर उजेड निम्मा. मान एका खांद्याकडे कलती केल्यावर स्क्रीन उजळली तर कारण सापडलं. साधा गडद गॉगल घ्या. घेताना डिस्प्लेचा नाही तर निदान फोनचा स्क्रीन त्यातून उभा-आडवा फिरवून बघा.

गॉगल न घालताही काचेवर काळे, ढगासारखे डाग पसरत असतील तर ती उष्णता. एलसीडीतलं द्रव ठरावीक तापमानापलीकडे आपली शिस्त सोडतं आणि तो भाग काळा पडतो. बहुतेक डिस्प्ले ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत चालतात. विदर्भात मे महिन्यात हवाच ४५ च्या पुढे जाते, आणि उन्हात उभ्या केलेल्या काळ्या प्लास्टिकला ही हद्द गाठायला वेळ लागत नाही. सावलीत थंड झाल्यावर डाग जातात. ओलं फडकं टाकून झटपट गार करायला जाऊ नका, आतल्या दमट हवेचं पाणी होऊन काचेच्या आतून धुकं धरतं. रोजच असं होत असेल तर मात्र वरचा पोलरायझर, म्हणजे प्रकाश एका दिशेचा करणारी फिल्म, पिवळा पडत जातो, आणि तो डाग सावलीतही राहतो. पार्किंगमध्ये डिस्प्लेवर जाड पांढऱ्या कापडाची टोपी घालून ठेवा, कडेला इलॅस्टिक असलेली. काळी नको. निघताना ती काढून खिशात टाका. हँडलला लोंबकळत ठेवली तर ब्रेकच्या केबलमध्ये अडकते.